गरोदरपणात ओपिऑइडचं व्यसन आणि बाळाची तब्येत : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या गरोदर बायांसाठी आहे, माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकींसाठी आहे, त्यांच्या आयांसाठी आणि सासूबाईंसाठी आहे, आणि वाडीवाडीवर फिरणाऱ्या आशाताईंसाठीही. घाई असेल तर एवढं तरी वाचा: सवयीची गोळी किंवा नशा स्वतःच्या मनाने एका दिवसात बंद करू नका, डॉक्टरांना खरं सांगा, आणि बाळ जन्मल्यावर आईला आणि बाळाला एकत्र ठेवा. डोस किती आणि कधी, हे मात्र डॉक्टरच ठरवतील.

ओपिऑइड म्हणजे नेमकं काय काय?

अफूपासून निघणारे किंवा अफूसारखंच काम करणारे सगळे पदार्थ. अफू, मॉर्फिन, हेरॉईन, गर्द म्हणजेच ब्राऊन शुगर हे सगळ्यांना माहीत असतात. लक्षात येत नाहीत ती मेडिकलमधून घरात आलेली औषधं: ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप, पेंटाझोसिनचं इंजेक्शन. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, पण कंबरदुखीची गोळी म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून ते मागणारे अजून आहेत.

चरस आणि गांजा या गटात येत नाहीत. २०२३ च्या पावसाळ्यात दापोलीकडच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली, तेव्हापासून ‘ड्रग्ज’ म्हटलं की इथे लोकांना तेच आठवतं. गरोदरपणात चरस-गांजाही वाईटच, पण त्याचे उपचार वेगळे आहेत. खाली ज्या गोळ्यांबद्दल लिहिलं आहे त्या फक्त ओपिऑइडसाठी.

मी डॉक्टरांनी लिहून दिलेलीच गोळी घेत होते. याला व्यसन म्हणायचं का?

काजूच्या कारखान्यात दिवसभर एका जागी काम, डोक्यावर मासळीची पाटी, भातलावणीला वाकून मोडलेली कंबर. दुखणं खरं असतं आणि गोळीने आराम पडतो, यात तुमची चूक काही नाही. प्रश्न पुढे सुरू होतो. एका गोळीने भागेनासं होतं, दोन लागतात. एखादा दिवस चुकली की नाक वाहतं, जांभया येतात, अंग मोडून येतं, पोटात मुरडा पडतो, रात्रभर पाय स्थिर राहत नाहीत. ही लक्षणं म्हणजे शरीर त्या औषधावर अवलंबून झालं आहे. मुंबईतली गर्दवाली पोरं यालाच ‘टर्की’ म्हणतात.

अवलंबून होणं आणि व्यसन लागणं यांत फरक आहे. नुकसान दिसत असूनही हात आवरत नाही, गोळीसाठी खोटं बोलावं लागतं, पैसे उसने घ्यावे लागतात, तेव्हा ते व्यसन. पण गरोदर बाईच्या बाबतीत दोन्हीकडे पहिला सल्ला एकच: आपणहून तोडू नका, दाखवा.

चार महिने झाले तरी गरोदर असल्याचं कळलंच नाही. असं होतं का?

होतं. ओपिऑइडमुळे पाळी अनियमित होते, कधी महिनोन् महिने येत नाही. मळमळ आणि थकवा गोळी चुकल्यामुळे आहे असं वाटतं. उशिरा कळलं तरी उपचार त्या दिवसापासून सुरू होतात, ‘आता वेळ गेली’ असं काही नसतं.

गरोदर आहे हे कळताच सगळं एकदम बंद केलं तर बाळ वाचेल ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि विचारणारीच्या मनात बाळाबद्दलची मायाच असते. तरीही उत्तर ‘करू नका’ असंच आहे.

एकदम बंद केलं की आईचं शरीर बंड करतं. रक्तदाब आणि नाडी वाढते, उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी जातं, गर्भाशय आकुंचन पावू शकतं. गर्भपात, वेळेआधी कळा आणि पोटातल्या बाळाला ताण अशा घटना यातून घडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. देखरेखीखाली हळूहळू सोडवलं तर हा धोका पूर्वी वाटायचा तेवढा मोठा नाही, असं अलीकडचे काही अभ्यास सांगतात. पण दुसरा धोका त्याहून मोठा आहे आणि तो कायम राहतो: बंद केलेली नशा पुन्हा सुरू होण्याचा. चार आठवडे दूर राहिलेलं शरीर जुना डोस पेलू शकत नाही. त्याच जुन्या डोसने श्वास थांबतो. त्यात आई जाते आणि बाळही जातं.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट सांगितलं आहे की, ओपिऑइडवर अवलंबून असलेल्या गरोदर बाईला नशा तोडायला लावण्याऐवजी दीर्घकाळ चालणाऱ्या औषधोपचारावर ठेवावं. घरात कोंडून ठेवणं, गोठ्यातल्या खोलीत बांधून ठेवणं, बाबाकडे नेऊन उतारा करणं, हे प्रकार आजही होतात. कृपा करून गरोदर बाईवर हे प्रयोग करू नका.

मग औषध कोणतं देतात?

दोन आहेत: बुप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन. दोन्ही २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. आपल्याकडे बुप्रेनॉर्फिनची गोळी जास्त चालते. ती जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची; गिळली तर परिणाम फार कमी होतो. विरघळेपर्यंत चहा नाही, पाणी नाही, बोलणंही शक्यतो नाही. मेथाडोन पातळ औषध असतं आणि ते मोजक्याच केंद्रांवर मिळतं.

बुप्रेनॉर्फिन सुरू करताना एक गोष्ट सांभाळावी लागते. शेवटची नशा अंगात असताना पहिली गोळी घेतली तर सगळा त्रास एकदम उसळून येतो. त्यामुळे गर्द किंवा साध्या ट्रामाडॉलसारख्या औषधानंतर साधारण १२ ते २४ तास थांबून, जांभया आणि नाक वाहणं सुरू झाल्यावर, डॉक्टरांच्या नजरेसमोर पहिला डोस देतात. शेवटचा डोस कधी घेतला हे खरं सांगणं इथे फार महत्त्वाचं. नवऱ्याच्या किंवा मैत्रिणीच्या पाकिटातली गोळी घरी घेऊन पाहू नका.

म्हणजे एक नशा सोडून दुसरी लावायची?

सासूबाईंचा हा प्रश्न असतो आणि तो टाळण्यासारखा नाही. गर्द किंवा जास्तीच्या गोळ्या घेतल्यावर चार-सहा तासांत चढउतार होतो. बाई दिवसातून कित्येकदा तारेत आणि कित्येकदा तळमळीत असते, आणि पोटातलं बाळही तिच्याबरोबर ते सोसतं. नेमून दिलेलं औषध रक्तात दिवसभर एकसारखं राहतं. बाई जेवते, झोपते, तपासणीला येते, घरातलं काम करते. बाळाचं वजन बरं भरतं, वेळेआधी जन्माची शक्यता कमी होते, सुई वापरणं थांबतं. शरीर औषधावर अवलंबून राहतं हे खरं आहे, पण आयुष्य नशेच्या मागे धावत नाही. माझ्या मते घरच्यांनी पाहायचं ते हेच.

कोकणात हे उपचार कुठे मिळतात?

खरं सांगायचं तर मुंबईइतके जवळ नाहीत. बुप्रेनॉर्फिन नाक्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. ते व्यसनमुक्ती केंद्रांतून, मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच दिलं जातं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची ओएसटी केंद्रं (नशेच्या जागी नेमून दिलेलं औषध देणारी केंद्रं) ते मोफत देतात, मात्र ती मुख्यतः सुईने नशा करणाऱ्यांसाठी आहेत आणि शहरांकडे जास्त आहेत.

सुरुवात करायची जागा म्हणजे जिल्हा रुग्णालय: अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोस. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि आजारी नवजात बाळांचा विशेष कक्ष एका आवारात गाठता येतात, आणि तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयंही झाली आहेत. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. ‘तिकडे गेलं की गावात वेडी म्हणतील’ ही भीती मी कितीतरी घरांत ऐकली आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात माणसं तपासून घेतात, औषध घेतात आणि संध्याकाळच्या एसटीने घरी जातात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले डॉक्टर ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयांतही येतात. तुमच्या तालुक्याचा वार आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून कळेल.

सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, वैभववाडी-राजापूरकडची घाट चढून कोल्हापूर गाठतात, पेण-पनवेलकडच्यांना मुंबई जवळ. जिथे जाल तिथे निघण्यापूर्वी फोन करून विचारा: बुप्रेनॉर्फिन आहे का, आणि गरोदर बाईला सुरू कराल का? दोनशे रुपयांचं तिकीट काढून रिकाम्या हाती परतलेली बाई दुसऱ्यांदा जात नाही.

कुठे फोन करायचा कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत, टेलिमानसवर मराठीत बोलता येतं. फोनवर सल्ला आणि केंद्राचा पत्ता मिळेल, गोळी मात्र प्रत्यक्ष जाऊनच घ्यावी लागेल.

माझा उपचार मुंबईत चालू आहे. सातव्या महिन्यात माहेरी जायचं आहे. काय करू?

उपचार तुटतात ते बहुतेक याच टप्प्यावर, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

ओटीभरण झालं, लेक कोकणकन्येत बसली, पिशवीत आठ दिवसांच्या गोळ्या. नवव्या दिवशी गोळी संपते. माहेरी कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे ती कोणाला विचारतही नाही. दहाव्या दिवशी अंग मोडून येतं, घरच्यांना वाटतं ताप आहे. मग ती जुन्या ओळखीतून काहीतरी मिळवते किंवा तळमळत पडून राहते.

हे टाळायचं तर तयारी पाचव्या-सहाव्या महिन्यातच करावी लागते. मुंबईच्या केंद्रात तारीख सांगा आणि बदलीचं पत्र मागा. त्यात औषधाचं नाव, रोजचा डोस, शेवटचा डोस कधी दिला ती तारीख, केंद्राचा शिक्का आणि डॉक्टरांचा फोन नंबर हवा. मुंबईच्या डॉक्टरांनी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांशी स्वतः फोनवर बोलावं असा आग्रह धरा, कारण नुसतं पत्र पाहून नवे डॉक्टर सुरुवातीपासून चौकशी करत बसतात. काही दिवसांच्या गोळ्या घरी द्यायची सोय आहे का, तेही विचारा. पत्राचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

जिल्ह्यात औषधाची खात्री होत नसेल, तर बाळंतपण मुंबईतच करा आणि आईला तिकडे बोलावून घ्या. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं ही रीत मलाही प्रिय आहे, पण औषध तुटण्यापेक्षा रीत मोडलेली परवडली.

पावसाळ्यात दिवस भरत असतील तर?

जून ते सप्टेंबरमध्ये वरंध, करूळसारखे घाट दरड कोसळून बंद होतात, मांडव्याच्या नेहमीच्या प्रवासी बोटी थांबतात, खाडीवरची होडी कधी चालते कधी नाही. शिवाय गणपतीत गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. डॉक्टरांना हे मोकळेपणाने सांगून त्या दिवसांसाठी जास्तीच्या गोळ्या मागा, आणि तारखेच्या आठ-दहा दिवस आधी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी नातेवाइकांकडे राहायला जा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात जाण्या-येण्याची गाडी, प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त सगळं मोफत आहे. गाडीसाठी १०२, जिवावर बेतलं तर १०८.

आठव्या महिन्यात माझा डोस वाढवला. म्हणजे माझं व्यसन वाढलं का?

नाही. शेवटच्या तीन महिन्यांत अंगातलं रक्त आणि पाणी वाढलेलं असतं, यकृत औषध लवकर संपवतं. तोच डोस अपुरा पडतो. डॉक्टर तो वाढवतात किंवा दिवसात दोन-तीन वेळा विभागून देतात. आईचा डोस जास्त म्हणून बाळाचा त्रास जास्त, असं होत नाही. त्यामुळे बाळासाठी म्हणून डोस कमी मागून स्वतः तळमळू नका. बाळंतपणानंतर डोस पुन्हा तपासून घ्या.

डॉक्टरांना सांगितलं तर पोलिसांना कळवतील का? बाळ काढून घेतील का?

उपचार मागणं हा गुन्हा नाही. नशेचा पदार्थ सेवन करणं कायद्याने गुन्हा आहे, पण १९८५ च्या त्याच अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्यात कलम ६४अ आहे: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेतले आणि पूर्ण केले तर तिच्यावर खटला चालत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक आजारही येतात. त्या कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. त्याच कायद्यात असंही आहे की आई मानसिक आरोग्याच्या संस्थेत दाखल असेल तर तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही. मुलाला धोका असेल तरच, तेही तात्पुरतं, आणि त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार व्हायला हवा. केसपेपर हातात असलेल्या माणसाला हे कलम सांगायला घाबरू नका.

‘माका सांगूक लाज वाटता.’ सगळं गाव ओळखीचं आहे. कोणाला सांगू?

लाज वाटणं समजण्यासारखं आहे. आरोग्य केंद्रातली सिस्टर शेजारच्या वाडीतली, मेडिकलवाला मामाचा मित्र. पण २०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात सुमारे ७७ लाख लोकांना ओपिऑइडच्या त्रासासाठी मदत हवी असल्याचं दिसलं. त्यांत बाया आहेत, आणि बाया कमी दिसतात कारण त्या पुढे येत नाहीत.

गावात सांगणं जमत नसेल तर आधी हेल्पलाइनवर नाव न सांगता बोला. नंतर महिन्याच्या ९ तारखेला, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी, तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर स्वतः गरोदर बायांना तपासतात, तेव्हा पडद्याआड गेल्यावर सांगा. इतकंच वाक्य पुरे: ‘डॉक्टर, मला अमुक गोळीची सवय आहे, बंद केली की त्रास होतो.’ माता-बाल संरक्षण कार्ड घरात सगळे पाहतात. त्यावर काय लिहायचं आणि काय फक्त केसपेपरवर ठेवायचं, हेही त्याच वेळी बोलून घ्या.

आशाताईंना एक विनंती. तिने तुम्हाला सांगितलं तर चेहरा बदलू देऊ नका. आणि ‘बाळाचा विचार नाही केलास का?’ हे वाक्य तर कधीच नको, कारण बाळाचा विचार केला म्हणूनच ती बोलली आहे.

नवराही घेतो. मी एकटीने उपचार घेऊन काय उपयोग?

उपयोग आहे, पण त्यालाही सोबत न्या. घरात पदार्थ येत राहिला तर तुमचं टिकणं अवघड होतं. तो मारत असेल, तुमच्या गोळ्या हिसकावत किंवा विकत असेल, तर महिला हेल्पलाइन १८१.

कोणत्या जास्तीच्या तपासण्या लागतात?

एचआयव्ही, कावीळ ब, गुप्तरोगाची तपासणी सगळ्याच गरोदर बायांची होते. सुई कधीही वापरली असेल, किंवा नवऱ्याने वापरली असेल, तर कावीळ क ची तपासणी मागून घ्या. कावीळ ब निघाली तर बाळाला जन्मल्याबरोबर लस द्यावी लागते, शक्यतो पहिल्या १२ तासांत, सोबत प्रतिपिंडांचं इंजेक्शन. कावीळ क चा उपचार बहुधा बाळंतपणानंतर करतात. फोलिक अॅसिड आणि लोहाच्या गोळ्या नेहमीसारख्याच चालू ठेवा.

मिशरी चालते का?

नाही. मिशरी तंबाखूच आहे, दात घासण्याच्या नावाखाली दिवसातून चार वेळा लावली जाते. तंबाखूने बाळाचं वजन घटतं आणि जन्मानंतरचा त्रासही वाढतो. झोपेच्या गोळ्या आणि दारू त्याहून वाईट. ओपिऑइडबरोबर त्यांनी आईचा श्वास मंदावतो. पण रोज झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेत असाल तर तीही एकदम तोडू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टरांना सांगा.

कळा सुरू झाल्यावर काय सांभाळायचं?

त्या दिवशीचा डोस चुकवायचा नाही. सिझेरियन असलं तरी नाही. बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनने कळांचं दुखणं थांबत नाही, त्यामुळे वेदनाशामक वेगळं लागतंच, आणि ‘हिला आधीच गोळ्या चालू आहेत’ म्हणून ते नाकारणं चूक आहे. पाठीच्या कण्यातलं इंजेक्शन चालतं. या व्यसनामुळे सिझेरियन करावंच लागतं, असंही नाही.

एक इंजेक्शन मात्र टाळायचं. कळांच्या वेदनेसाठी आपल्याकडे पेंटाझोसिन सर्रास देतात. बुप्रेनॉर्फिन, मेथाडोन किंवा गर्द अंगात असलेल्या बाईला त्याने एकाएकी तीव्र त्रास सुरू होऊ शकतो. ब्युटॉर्फेनॉल आणि नालब्युफिन यांचंही तसंच. ही तीन नावं कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला टाचा आणि लेबर रूममधल्या सिस्टरला हातात द्या. बाळाच्या डॉक्टरांनाही आधी कळवा: जन्मल्यावर बाळाचा श्वास मंद वाटला तर त्याला नॅलॉक्सोन (ओपिऑइडचा परिणाम उतरवणारं औषध) न देता श्वासाला आधार द्यायचा असतो, कारण नॅलॉक्सोनने अशा बाळाला झटके येऊ शकतात.

बाळाला त्रास होणारच का? तो कसा ओळखायचा?

सगळ्या बाळांना होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांतल्या बऱ्याच जणांचा सौम्य असतो. नाळेतून मिळणारं औषध जन्माबरोबर थांबतं, त्याचा हा परिणाम. बाळ कर्कश आवाजात रडतं, हातपाय थरथरतात, अंग ताठ राहतं, शिंका आणि जांभया लागोपाठ येतात, घाम येतो, अधाशासारखं चोखतं पण दूध नीट ओढत नाही, उलटी किंवा पातळ शी होते, झोप लागत नाही. क्वचित झटके येतात.

गर्दसारख्या कमी वेळ टिकणाऱ्या पदार्थांनंतर हे पहिल्या एक-दोन दिवसांत दिसतं. बुप्रेनॉर्फिन आणि मेथाडोननंतर बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कधी त्याहूनही उशिरा. साध्या बाळंतपणात दोन दिवसांनी घरी पाठवायची घाई असते, आणि त्रास सुरू होतो तो नेमका बाळ घरी पोचल्यावर. म्हणून किमान चार ते सात दिवस रुग्णालयात राहायचं हे आधीच ठरवून घ्या.

हे बाळ ‘व्यसनी’ नाही. व्यसन म्हणजे वागणं. दोन दिवसांच्या जिवाला ते कसं लावणार? आजीने, सिस्टरने, कोणीही तो शब्द वापरू नये.

त्यावर उपाय काय? काचेच्या पेटीत ठेवतात का?

पहिला उपाय आई आहे. कमी उजेड, कमी आवाज, बाळाला सुती कापडात गुंडाळून किंवा उघड्या छातीशी धरून ठेवणं, थोडं थोडं दूध वारंवार पाजणं, आणि माणसांची वर्दळ कमी. कोकणात पाचवीपर्यंत बाळंतिणीला बघायला रांग लागते. या वेळी ती थांबवा.

पूर्वी लक्षणांना गुण देऊन ठरावीक आकडा आला की औषध देत. आता बाळ पुरेसं पितं का, झोपतं का, दहा मिनिटांत शांत होतं का, हे तीन प्रश्न विचारायची पद्धत पुढे आली आहे. अमेरिकेतल्या २०२३ च्या मोठ्या चाचणीत या पद्धतीने बाळं सरासरी ८.२ दिवसांत घरी जाण्याजोगी झाली, जुन्या पद्धतीत १४.९ दिवस लागले. औषध लागलेल्या बाळांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून १९.५ टक्क्यांवर आलं. माझा आग्रह म्हणून आहे की त्रास सौम्य असेल तर बाळाला नुसतं ‘निरीक्षणासाठी’ आईपासून लांब ठेवू नये. तिला शेजारी खाट द्या.

एवढ्याने भागलं नाही तर मॉर्फिनचे थेंब अगदी कमी प्रमाणात सुरू करून हळूहळू उतरवतात, कधी फिनोबार्बिटोनची जोड देतात. वजन फार कमी असेल किंवा झटके असतील तर विशेष कक्ष लागतोच. आईचं औषध कोणतं होतं यानेही फरक पडतो: २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बुप्रेनॉर्फिनवरच्या आयांच्या बाळांना रुग्णालयात सरासरी १० दिवस राहावं लागलं, मेथाडोनवरच्यांना १७.५ दिवस. तरीही मेथाडोन लागू पडत असेल तर गरोदरपणात ते बदलायला जाऊ नका.

दूध पाजू का?

पाजा. औषध नियमित चालू आहे आणि वरून दुसरी नशा नाही, तर आईचं दूध बाळाला चांगलंच. त्यातून औषध अत्यल्प जातं आणि पाजलेल्या बाळांचा त्रास सौम्य राहतो. दूध तोडायचं तेव्हा हळूहळू तोडा. बाळ खूप पेंगुळलेलं, ढिलं वाटलं तर लगेच दाखवा. कावीळ क असेल तरी चालतं, स्तनाग्रं चिरून रक्त येत असेल तेवढे दिवस थांबा. एचआयव्ही असेल तर त्याची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राशी बोलून ठरवा. गर्द किंवा मनाने घेतलेल्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या असतील तर पाजण्याआधी डॉक्टरांशी बोला, लपवून पाजू नका.

बाळ रडतं म्हणून आजी अफू उगाळून द्यायचं म्हणते. आणि लाडवातली खसखस?

तान्ह्या बाळाला अफूचा कणही देऊ नका. जुन्या काळी रडणारी बाळं निजवायला ती चाटवत असत, आणि त्यात बाळांचा श्वास बंद पडत असे. बाळगुटीही नको, सहा महिने फक्त आईचं दूध. बाळंतिणीच्या लाडवातल्या खसखशीने नशा होत नाही, पण लघवीच्या तपासणीत मॉर्फिन दिसू शकतं. तपासणी होणार असेल तर तेवढी वगळा.

घरी गेल्यावर कोण बघणार?

रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना वजन आणि पाजणं दोन्ही पाहू द्या. बाळ दूध ओढेनासं झालं, सलग ओकतं आहे, ताप आहे, श्वास जलद आहे, ओठ निळे दिसतात, झटका आला किंवा उठवूनही उठत नाही, तर वाट न पाहता १०८. आजारी बाळाचा सरकारी रुग्णालयातला उपचार पहिलं वर्षभर मोफत आहे.

मूल पुढे मंद होईल का?

औषधोपचारावर असलेल्या आयांची बरीच मुलं इतरांसारखीच वाढतात. घरातली गरिबी, तंबाखू, कमी वजन, आईचं मन या गोष्टींचा परिणाम औषधाच्या परिणामापासून वेगळा काढणं कठीण आहे. नजर तिरळी नाही ना, ऐकू येतं ना, मान वेळेवर धरतं ना, हे तपासत राहा. अंगणवाडीत बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना दाखवा.

बाळंतपणानंतर आईला कशाचा धोका?

नशेकडे पुन्हा वळण्याचा. गरोदरपणात सगळे जपतात. बारसं झालं, माहेरची माणसं पांगली, बाई सासरी किंवा मुंबईच्या खोलीत परतली, की रात्रीची जागरणं आणि उदास मन तिच्या एकटीच्या वाट्याला येतात. पहिल्या वर्षात, त्यातही बाळ सहा महिन्यांचं झाल्यानंतर, जास्त डोसने मृत्यूचा धोका वाढतो. म्हणून बाळ झालं की औषध संपवायचं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. किमान बाळ नीट झोपू लागेपर्यंत, घर मार्गी लागेपर्यंत डोस कमी करण्याचा विषय काढू नका, आणि काढाल तेव्हा डॉक्टरांबरोबर काढा. परतीच्या प्रवासासाठीही बदलीचं पत्र लागतं.

ओठ निळे, श्वास फार मंद, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, हाक मारून जाग नाही: ही जास्त डोसची खूण. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, काय घेतलं ते लपवू नका. गोळ्या कुलपात ठेवा, रांगत्या मुलाच्या तोंडात गेलेली एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत ना?

राहू शकतात. औषध सुरू झाल्यावर शरीर सावरतं आणि पाळी परतण्याआधीच गर्भ राहू शकतो. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवता येते, अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांनी. दोन्ही सरकारी रुग्णालयात मोफत आहेत, बुप्रेनॉर्फिन आणि मेथाडोनबरोबर चालतात. कोणती हवी हे कळा सुरू होण्याआधी, शांतपणे विचार करून, सिस्टरला सांगून ठेवा.